पाण्याच्या ताळेबंदातला कोरा रकाना

ज्या वर्षी पाऊस हात आखडता घेतो, त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर, नाशिक आणि मराठवाडा पाण्यासाठी एकमेकांसमोर उभे राहतात. भंडारदऱ्यात पाणी किती, निळवंड्यात किती, मुळा धरणात किती आणि त्यातले जायकवाडीला किती सोडायचे, यावर सभा होतात, रास्ता रोको होतो, याचिका दाखल होतात. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे समन्यायी वाटपाचे सूत्र आता पारावरही पाठ असते. २०२३ साली या सूत्राप्रमाणे साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी सोडण्याचा आदेश निघाला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे, तिथे एवढ्या पाण्यासाठी माणसे हमरीतुमरीवर येणारच.

पण या वादात पाणी मोजले जाते ते फक्त आकारमानाने. त्याच्यासोबत काय वाहत जाते, त्यात जगणाऱ्या जीवांवर काय ओढवते, हे ना वरचे विचारतात ना खालचे. न विचारलेल्या या प्रश्नांतला एक प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शिवाराशिवारांतून वाढत गेला आहे आणि तो प्लास्टिकच्या बारीक कणांचा आहे. माझे म्हणणे असे, की अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न निव्वळ कचऱ्याचा मानून सुटणार नाही. इथे प्लास्टिक हे पाणी वाचवण्याचे साधन आहे. ते शासनाच्या अनुदानाने शेतात आले आहे. म्हणून ते शेतातून परत नेण्याची जबाबदारीसुद्धा जलसंधारणाच्या धोरणातच लिहिली गेली पाहिजे.

कोपरगावपासून पारनेरपर्यंत कुठल्याही बागायती शिवारात उभे राहिले की हे साधन नजरेत भरते. शेततळ्यात अंथरलेला काळा कागद, डाळिंब आणि पेरूच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या, टोमॅटो-मिरची-कलिंगडाच्या बेडवरचा चंदेरी मल्चिंग पेपर, कोवळ्या वेलींवरचे क्रॉप कव्हर, रोपवाटिकेतले ट्रे, टोमॅटो बांधायची प्लास्टिकची सुतळी, खतांच्या गोण्या, औषधांच्या बाटल्या. दूधधंद्यात हा जिल्हा राज्यात अग्रेसर आहे, त्यामुळे गोठ्यामागे मुरघासाच्या बॅगाही रचलेल्या असतात. यातली एकही वस्तू चैनीची नाही. बहुतेक वस्तूंनी कुणाच्या ना कुणाच्या पिकाला दुष्काळात तारले आहे.

वजनाचा अंदाज घेऊ. शेततळ्याचा कागद साधारण ५०० मायक्रॉन जाडीचा असतो. हजार चौरस मीटरचे अस्तर धरले तर एका शेततळ्यात पावणेपाचशे किलोच्या आसपास प्लास्टिक बसते. मल्चिंग पेपर त्यामानाने फार पातळ. २५ मायक्रॉनचा पेपर अडीच हजार चौरस मीटरवर अंथरला तर त्याचे वजन साठ किलोच्या आतच भरते. धोका मात्र या पातळ वस्तूत जास्त आहे. शेततळ्याचा कागद काही वर्षे टिकतो आणि निघतो तेव्हा सलग निघतो. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला विकत घेतो. मातीने माखलेल्या, जागोजागी फाटलेल्या मल्चिंग पेपरला मात्र भाव नाही. मजूर लावून तो गोळा करायचा तर मजुरी अंगावर पडते. मग जमेल तेवढा ओढून काढला जातो, बांधावर पेटवला जातो, आणि उरलेला रोटाव्हेटरखाली जातो. अडीच हजार चौरस मीटर पेपरातला शंभरावा भाग जरी मातीत राहिला आणि त्याचे एक मिलिमीटर लांबी-रुंदीचे तुकडे झाले, तर ते अडीच कोटी भरतात. हा एका हंगामाचा, एका छोट्या शेताचा हिशेब आहे.

पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधले सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली या कणांकडे जगाचे लक्ष वेधले, तेव्हा चर्चा समुद्राची होती. समुद्रात जाणाऱ्या कणांचा मोठा भाग नद्यांतून जातो आणि नद्यांत तो जमिनीवरून येतो, हे पुढे उलगडत गेले. आपल्याकडचे ऊन या कामाला हातभार लावते. अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होते, तडकते, त्याचा भुगा होतो. वळवाचा पहिला जोरदार पाऊस बांधावरचा आणि सरीतला भुगा ओढ्यात लोटतो. ओढ्यावर सिमेंटचा बंधारा असतो, त्याखाली नदी, नदीवर केटी वेअर आणि शेवटी धरण. प्रवरा रतनगडाच्या मुसळधार पावसात उगम पावते आणि संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे करत टोक्याजवळ गोदावरीला मिळते. तिची उपनदी मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने येते. दोघींचे पाणी अखेर नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात जाते. त्या जलाशयाचे पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे पितात.

शेती हा एकमेव स्रोत नाही. अहिल्यानगर शहराचे सांडपाणी सीनेला मिळते आणि सांडपाण्यात कपड्यांचे तंतू असतात. पॉलिस्टर किंवा ॲक्रिलिकचा कपडा धुतला की त्याचे अतिसूक्ष्म धागे सुटतात. सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असे प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ साली आढळले. गंगेच्या उगमाकडून बंगालच्या उपसागरापर्यंत दहा ठिकाणी घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या कणांपैकी ९१ टक्के तंतूच होते. रस्त्यांवर टायर झिजतात, त्याचा चुरा पावसाबरोबर नाल्यात उतरतो. शहर आणि शेत यांनी एकमेकांकडे बोट दाखवून उपयोग नाही, कारण शेवटी दोघांचेही पाणी नदीलाच मिळते.

आता पाण्यातल्या जीवांकडे वळू. धरण किंवा बंधारा म्हटले की आपल्याला मासे आणि पक्षी आठवतात. पण गोड्या पाण्याचा सारा डोलारा डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्राण्यांवर उभा असतो. डॅफ्नियासारखे प्राणिप्लवक पाणी गाळून शेवाळाचे कण खातात. तळाच्या गाळात कृमी, गोगलगायी, शिंपले आणि चिलटांच्या लाल अळ्या कुजलेला पाला खाऊन त्याचा बारीक चुरा करतात. हे जीव पाणी आणि गाळ खेळता ठेवतात, आणि लहान मासे त्यांच्यावर जगतात. गाळून खाणाऱ्या जीवाला शेवाळाचा कण आणि त्याच आकाराचा प्लास्टिकचा कण यांत फरक करता येत नाही. पोट भरते, पोषण मिळत नाही. प्रयोगशाळेतल्या अनेक अभ्यासांत अशा प्राण्यांची वाढ खुंटलेली, अंडी आणि पिल्ले कमी झालेली दिसली आहेत. गोल मण्यांपेक्षा तंतू आणि वेडेवाकडे तुकडे बहुधा अधिक त्रासदायक ठरतात, कारण ते आतड्यात अडकून राहतात.

दुसरा परिणाम रसायनांचा. प्लास्टिक म्हणजे नुसता पॉलिमर नव्हे. त्याला मऊपणा यावा, उन्हात ते टिकावे, रंग यावा म्हणून त्यात शेकडो पूरक रसायने मिसळतात. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा आणि रसायन पाझरायला वाव जास्त. हे किती अनपेक्षित रीतीने घडू शकते याचे उदाहरण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर मिळाले. तिथे पावसानंतर शहरी ओढ्यांत कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत होते आणि वर्षानुवर्षे कारण सापडत नव्हते. २०२० साली संशोधकांनी दाखवून दिले, की टायर टिकावेत म्हणून रबरात घातलेल्या एका रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन तयार झालेला पदार्थ त्यांना मारत होता. रहू-कटला आणि सामन यांची प्रकृती वेगळी आहे, तेव्हा तेच इथे घडते असे म्हणणे चूक ठरेल. पण ज्या रसायनाकडे कुणाचे लक्ष नव्हते, त्याने ओढ्याओढ्यांतले मासे अंडी घालण्याआधीच मारले, हे विसरता येत नाही.

तिसरा परिणाम संथ आहे आणि धरणांच्या जिल्ह्याला तो सर्वांत जवळचा. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते तरंगत पुढे जाईल असे वाटते. पण काही दिवसांत त्याच्यावर जिवाणूंचा आणि शेवाळाचा थर चढतो, चिखल चिकटतो आणि ते तळाशी बसते. त्या थरात प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणूही वस्ती करतात, असे अनेक ठिकाणच्या नद्यांत आढळले आहे. थांबलेले पाणी अशा कणांना साठवून ठेवते. केरळच्या वेंबनाड सरोवराच्या गाळात सूक्ष्म प्लास्टिक असल्याचे २०१७ साली नोंदले गेले. भारतातल्या सरोवराच्या गाळातली ती पहिली नोंद होती, आणि सापडलेल्या कणांत कमी घनतेचे पॉलिथिलीन सर्वाधिक होते. पिशव्यांसाठी आणि शेतीतल्या पातळ फिल्मसाठी वापरतात ते हेच प्लास्टिक. नेदरलँड्समध्ये संशोधकांनी चरातल्या गोड्या पाण्यात प्लास्टिक मिसळलेला गाळ पंधरा महिने ठेवला. ज्या गाळात प्लास्टिकचे प्रमाण वजनाच्या पाच टक्के होते, तिथे एका कुळातल्या कृमींची संख्या स्पष्टपणे घटली. एवढे प्रमाण आज बहुतेक नद्यांत नाही. पण थोड्या दिवसांच्या प्रयोगात न दिसणारा बदल लांबलेल्या काळात कसा समोर येतो, ते या प्रयोगाने दाखवले.

गाळात बसलेला कण कायमचा बसला असेही नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टर परिसरातल्या नद्यांचे तळ २०१५-१६ च्या हिवाळ्यातल्या पुरांपूर्वी आणि पुरांनंतर तपासले गेले. पुराने तळातले सुमारे ७० टक्के सूक्ष्म प्लास्टिक धुऊन खाली नेले होते. आपल्या नद्या आठ महिने आटलेल्या आणि पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या. त्यात धरणांची आवर्तने सुटतात. उन्हाळ्यात डोहांत आणि बंधाऱ्यांत थोडे पाणी उरते, तिथेच मासे आणि शिंपले तग धरून असतात आणि तिथेच कणांची दाटी होते. पुढचा पूर ती दाटी खालच्या गावाकडे ढकलतो. भंडारदऱ्याच्या पाण्यासोबत जायकवाडीला काय पोहोचते, हा प्रश्न म्हणून वाटपाच्या सूत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे गाळाचा एक उलटा प्रवासही आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून राज्यात राबवली जाते. तलावातला गाळ काढून शेतात पसरायचा, म्हणजे तलावाची क्षमता वाढते आणि हलक्या जमिनीचा कस सुधारतो. योजना चांगली आहे, शेतकऱ्यांनी ती आपलीशी केली आहे. पण गावाच्या किंवा बागायती पट्ट्याच्या खालच्या तलावातला गाळ न तपासता उचलला, तर शेतातून तलावात गेलेले प्लास्टिक आपण ट्रॅक्टरने पुन्हा शेतात आणतो. पुढच्या पावसात ते पुन्हा ओढ्याला लागते. दर फेरीत कण अधिक बारीक होतात. गांडुळे असे कण जमिनीत खोल नेतात, हे प्रयोगांत दिसले आहे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा तर हातभर खोल असतात.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. मल्चिंगने बाष्पीभवन थांबते, तण कमी होते, ठिबकने पाणी निम्म्यावर येते, कागदाशिवाय मुरमाड जमिनीतले शेततळे चार दिवसांत कोरडे पडते. हे सोडून द्या असे सांगणाऱ्या माणसाने दुष्काळ पाहिलेला नसतो. मी प्लास्टिक सोडायला सांगत नाही. माझा आग्रह प्रतवारीचा आहे. जे जाड आहे, टिकते आणि सलग परत काढता येते, ते वापरावे. जे पातळ आहे आणि पहिल्याच हंगामात मातीत मिसळते, त्यावर बंधन असावे. चीनने हा धडा महागात शिकला. तिथे वर्षानुवर्षे अतिशय पातळ फिल्म अंथरली गेली आणि तिचे अवशेष जमिनीत इतके साठले, की जाडीची किमान मर्यादा ८ मायक्रॉनवरून १० मायक्रॉनवर नेणारे सक्तीचे मानक २०१७ साली करावे लागले. फाटणार नाही आणि गोळा करता येईल, एवढी जाडी असावी हा त्यामागचा हेतू. जिथे पर्याय आहे तिथे तो घ्यावाच. उसाचे पाचट न जाळता सरीत पसरले तर तेही आच्छादनच आहे, आणि या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासू वाचकाचा असेल. प्रयोगशाळेत वापरलेले प्रमाण नदीतल्या प्रमाणापेक्षा अनेकदा कितीतरी जास्त असते, मग आजच घाई कशाला? आक्षेपातले पहिले वाक्य खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, कारण हे प्रदूषण इतर प्रदूषणांहून वेगळे आहे. सांडपाणी थांबवले तर नदीत प्राणवायू परत येतो, काही वर्षांत मासे परततात. प्लास्टिकचा कण एकदा गाळात गेला की तो वेचून काढण्याचे कुठलेही तंत्र धरणाच्या प्रमाणावर उपलब्ध नाही. शिवाय उद्या नवे प्लास्टिक येणे पूर्ण थांबले, तरी आज मातीत असलेले मोठे तुकडे फुटत राहतील आणि कणांची संख्या काही काळ वाढतच राहील. परिणाम सिद्ध होण्याची वाट पाहायची ठरवली, तर तो सिद्ध होईल त्या दिवशी उपाय हातातून गेलेला असेल.

मग कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर बंदी आणली. या दोन्हींचा रोख पिशव्या, कप, चमचे, थर्माकोल यांच्यावर होता. उत्पादकाने आपले प्लास्टिक परत घ्यावे, ही जबाबदारी २०२२ च्या नियमांनी ठरवली ती वेष्टनाच्या प्लास्टिकपुरती. मल्चिंग पेपर, शेततळ्याचा कागद, ठिबकची नळी ही वेष्टने नव्हेत, म्हणून ती त्या जबाबदारीच्या बाहेर राहिली. याच वस्तूंना अनुदान मात्र आहे. ठिबकसाठी राज्याची भर धरून अल्पभूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, मल्चिंगच्या खर्चालाही मदत मिळते. वस्तू शेतात नेण्यासाठी सरकार पैसे देते, ती बाहेर आणण्यासाठी कुणीच देत नाही. पाणी तपासणीतही हीच पोकळी आहे. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात सूक्ष्म प्लास्टिकची मर्यादा नाही. नद्यांची प्रत ठरते ती विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायूची मागणी, सामू आणि कोलिफॉर्म जिवाणू अशा निकषांवर. युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यात हे कण मोजायची एकसमान पद्धत २०२४ साली ठरवली. आपणही मोजणीपासून सुरुवात केली पाहिजे.

परत घेण्याची व्यवस्था अशक्य नाही, हे शेतीप्रधान देशांनीच दाखवले आहे. ब्राझीलने २००० सालच्या कायद्याने कीटकनाशकांचे रिकामे डबे परत घेणे उत्पादकांवर बंधनकारक केले. आज तिथे बाजारात गेलेल्या डब्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक डबे परत येतात. फ्रान्समध्ये उत्पादक, विक्रेते आणि शेतकरी संघटना यांनी मिळून २००१ पासून शेतीतले प्लास्टिक गोळा करण्याची यंत्रणा चालवली आहे. दोन्हीकडे जागा आणि दिवस ठरलेले असतात, शेतकऱ्याने स्वच्छ करून आणायचे आणि पुढचा खर्च उद्योगाने सोसायचा.

आपल्या जिल्ह्याकडे यापेक्षा मजबूत पाया आहे. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि इथल्या शेतकऱ्याने विखुरलेला माल एकत्र आणण्याची विद्या साऱ्या राज्याला शिकवली. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ गाडी जाते. ज्या सहकाराने लाखो लिटर दूध थेंबाथेंबाने गोळा केले, त्याला हंगामाच्या शेवटी मल्चिंग पेपर आणि मुरघासाच्या बॅगा गोळा करणे जड जाऊ नये. त्याचा खर्च उत्पादक कंपन्यांनी आणि अनुदान देणाऱ्या खात्याने उचलावा. अनुदानाचा शेवटचा हप्ता जुने प्लास्टिक जमा केल्याच्या पावतीवर द्यावा. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ मुळेच्या खोऱ्यातच आहे. कोणत्या जाडीचा पेपर किती सलग निघतो, कोणत्या तलावातला गाळ शेतात टाकण्याजोगा आहे, मुळा धरणापासून टोक्यापर्यंत पाण्यात आणि गाळात कण किती आहेत, हे सांगण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे आणि त्यासाठी पैसा द्यावा.

आणि गावांना यातल्या कशाचीही वाट पाहायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यायची, हे सगळ्यांसमोर ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला आणि पाळला. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तिथे जे घडले त्याचा गाभा मला हाच वाटतो, की पाणी ही सामाईक मालमत्ता आहे आणि तिचा हिशेब चारचौघांत झाला पाहिजे. त्याच ताळेबंदात आता एक रकाना वाढवायचा आहे: या वर्षी शिवारात प्लास्टिक किती किलो आले आणि किती किलो बाहेर गेले. खरेदीच्या पावत्या आणि वजनकाटा एवढ्यावर तो भरता येतो. आलेल्या आणि गेलेल्या किलोंमधला फरक पुढे ओढ्याला, बंधाऱ्याला आणि खालच्या गावाच्या नळाला लागणार आहे, हे त्या सभेत कुणाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाण्याच्या वाट्यासाठी भांडायचा हक्क आपण बजावतोच. त्या पाण्यात आपण काय सोडतो याचा हिशेब देणे हे त्याच हक्काचे देणे आहे, आणि येत्या हंगामाच्या ताळेबंदापासून ते फेडायला सुरुवात करता येईल.